पाटीनं बघायचं नसतं

रविवारी सकाळी साडेआठ वाजता चहाचा कप हातात घेऊन तो बाल्कनीत पाऊल टाकत होता, आणि समोरच्या मोकळ्या हवेने त्याला अडवले. भुवयांच्या किंचित वर काहीतरी बारीक, ताठ आणि गार असे आडवे लागले. मान मागे गेली, कप हिंदकळला आणि चहा पायाच्या बोटांवर सांडला. चटका बसला, पण त्याचे लक्ष पायाकडे नव्हते. तो समोर पाहत होता आणि समोर काहीही नव्हते. कठडा होता, कठड्यापलीकडे शेजारच्या इमारतीची राखाडी भिंत होती, भिंतीवरून उतरणारे नळ होते, वर पातळ चुन्यासारखे पांढुरके आभाळ होते. त्याने हात वर केला. धागा बोटांना लागला. डोळ्यांना लागला नाही.

“अहो, दोरी दिसली नाही?” आतून पत्नीने विचारले.

“कसली दोरी?”

“कसली म्हणजे? परवा कबुतरांसाठी बांधली ती. तंगूस. गळाला लावतात तो. तुमच्याच त्या समुद्रातल्या कचऱ्याच्या खोक्यात रीळ होतं, कोरं करकरीत. सात ओळी बांधल्यात.”

“सात?”

“मोजा की. मोजण्यात तुमचा हात कोण धरणार!”

त्याने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. एका विशिष्ट कोनात एक चकाकती रेघ क्षणभर उमटली. थोडे वाकल्यावर आणखी एक. दोन. तो गुडघ्यांत वाकून, टाच वर करून, एक डोळा मिटून पाहत राहिला. दोनाचे तीन झाले नाहीत.

“कबुतरांनासुद्धा दिसते ती,” फडके घेऊन येत पत्नी म्हणाली. “एकही फिरकलं नाही परवापासून. तुम्हीच पहिले अडकलात.”

ती हसली, तोही हसला. पुढचा सबंध दिवस त्याने त्या हसण्याचा हिशेब लावण्यात घालवला, कारण हसता हसताही तो उरलेल्या पाच ओळी शोधत होता.

वजने आणि मापे प्रमाणित करून देणाऱ्या प्रयोगशाळेत त्याची एकतीस वर्षे गेली होती. लोक आपापले तराजू, काचेची मापे, पट्ट्या तिथे आणून ठेवत आणि तो त्यांचा खोटेपणा ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत शोधून काढी. कोणतेही उपकरण जन्मतः प्रामाणिक नसते, त्याला वेळोवेळी प्रामाणिक करावे लागते, एवढा एकच सिद्धांत त्याने आयुष्यात मनापासून मानला होता. देवाधर्माची जागा रिकामीच होती आणि तिथे त्याने दुसरे काही ठेवलेही नव्हते. शनिवार-रविवारी तो पाणबुडा होई. समुद्रतळाच्या प्रवाळावर साठलेला कचरा काढणारा पंधरा-वीस जणांचा एक गट होता. त्यात एक वेल्डर होता, दोन शिक्षिका होत्या, एक निवृत्त टपालवाला होता, आणि सगळ्यांनाच कचरा काढायची घाई असे. पहिल्याच दिवशी त्याने त्यांना थांबवले होते. नुसते काढून उपयोग नाही, असे त्याने सांगितले. काय, किती आणि कुठे पडले आहे ते आधी लिहा. आधी नोंद, मग हात. नोंद न करता उचललेली बाटली ही पडलीच नव्हती असे समजा. गटाने त्याचे नाव ‘मोजपट्टी’ ठेवले, आणि त्याला ते मनातून आवडले.

पद्धतही त्यानेच बसवली होती. बारा मीटर खोलीवर एका ठरावीक प्रवाळावर पन्नास मीटरची फीत अंथरायची, दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात. फितीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर. पुढे निरीक्षक पोहणार, मागे लिहिणारा. निरीक्षकाला वस्तू दिसली की तो हाताने खूण करणार: मूठ म्हणजे डबा, उघडा पंजा म्हणजे पिशवी, वाकडी तर्जनी म्हणजे गळाचा तंगूस. लिहिणाऱ्याने प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने रेघ ओढायची. निरीक्षक अकरा वर्षे तोच होता, कारण दोन माणसांचे डोळे म्हणजे दोन वेगळे तराजू, आणि तराजू बदलला की मागची वजने वाया जातात. पाटी धरायला त्याची भाची असे. सतरा वर्षांची असताना वडील गेल्यावर ती जी गप्प झाली, तिला बोलते करण्यासाठी थोरल्या बहिणीने त्याच्या हवाली केली होती. तिला बोलते करायला त्याने जी जागा निवडली तिथे कुणालाच बोलता येत नाही, हा विनोद वेल्डर अजूनही करी. आता ती अठ्ठावीसची होती, दातांच्या कवळ्या घडवीत असे, आणि मेणात कोरलेली केसाएवढी चूक तिला नुसत्या डोळ्यांनी दिसे.

दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी अकरा वर्षांचा तक्ता उघडून बसला. त्याला तो पाठ होता. तंगूस : एक्केचाळीस, चव्वेचाळीस, अडतीस, एकोणचाळीस, एकतीस, सव्वीस, एकोणीस, बारा, सहा, दोन, शून्य. किती देखणा उतार होता तो! शून्याच्या वर्षी वेल्डरने बोटीवर त्याला उचलून घेतले होते आणि त्याने खाली उतरताच सगळ्यांना बजावले होते की शून्यसुद्धा लिहावे लागते, कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. तक्त्यात इतर ओळीही होत्या. पत्र्याचे डबे : चौदा, पंधरा, तेरा, पंधरा. निळा दोरखंड : जवळजवळ स्थिर. काळे रबर : स्थिर. रंगीत पिशव्या : थोड्या वाढलेल्या. पारदर्शक पिशव्या : एकवीसवरून तीन. हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते, हेच तर वाईट होते. त्याने तळटीप लिहिली होती, नीटनेटकी, कुठेही ‘मी’ न येणारी : ‘गळवाल्यांमध्ये केलेल्या जागृतीचा परिणाम विशिष्ट प्रकारच्या कचऱ्यावर अधिक झाल्याचे दिसते.’ अकरा वर्षांत समुद्रातून जे जे नाहीसे झाले होते ते सगळे पारदर्शक होते, आणि हे विधान त्याने स्वतःच्या हाताने लिहून, त्याखाली कारण जोडून, सही केली होती. एखाद्या दुकानदाराने असा तराजू समोर ठेवला असता तर त्याने दुसऱ्या मिनिटाला तो जप्त केला असता.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याने भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, आणि तेवढ्यापुरते त्याला हायसे वाटले. मग बाईंनी दुसरा तक्ता लावला. यात सगळी अक्षरे एकाच मापाची होती, फक्त खाली-खाली फिकट होत जाणारी. चौथ्या ओळीनंतर तो थांबला.

“पुढे वाचा.”

“पुढे कोरा आहे.”

“अजून पाच ओळी आहेत,” बाई म्हणाल्या, आणि त्या स्वरात अजिबात नाट्य नव्हते. “मोतीबिंदू. सावकाश पिकणारा. पांढऱ्यावर काळं वाचता येतं तोवर माणसं येतच नाहीत.”

“किती वर्षांचा असेल?”

“पाच. सात. ते कुणी सांगू शकत नाही. काढून टाकू, सोपं आहे. तीन महिने पाण्यात मात्र उतरायचं नाही.”

“पुढच्या आठवड्यात केला तर? या शनिवारनंतर.”

“या शनिवारी काय आहे?”

“काही नाही,” तो म्हणाला.

परतताना बसच्या खिडकीतून तो शहराकडे पाहत होता आणि प्रत्येक वस्तूपुढे मनात प्रश्नचिन्ह लावत होता. विजेच्या तारा दिसत होत्या. त्यांच्या मध्ये आणखी काय होते? काचेची दारे माणसे कशी ओळखतात? डोळा बदलून मिळणार होता, महिन्याभरात नवाकोरा. मागची सात वर्षे मात्र त्याच्या आत बसून जो कुणी पाहत होता आणि ‘काही नाही’ असे खात्रीने सांगत होता, त्याचे काय करायचे? त्याचा डोळा दुखला नव्हता, अंधारला नव्हता, त्याने एकदाही ‘मला दिसत नाही’ असे म्हटले नव्हते. जे दिसत नव्हते त्याच्या जागी पाणीच दिसत होते, निळे, स्वच्छ, संपूर्ण.

किनारा खात्यातला अधिकारी फोनवर नेहमीप्रमाणे आनंदी होता. “अहो, आदेश पुढच्या आठवड्यात, गुरुवारी निघतोय. तुमचं शून्य वाचून वरचे खूश आहेत. प्रवाळ सुधारला, आता गळाच्या मासेमारीला खुला करायला हरकत नाही. सगळी तुमची कृपा.”

“त्या आकड्यांत दोष असू शकतो. शनिवारी पुन्हा मोजतोय आम्ही. निरीक्षक बदलून.”

पाने उलटल्याचा आवाज आला. “तुमच्याच टिपणात, पान तीन : निरीक्षक बदलल्यास आकड्यांची तुलना ग्राह्य धरू नये. खाली रेघ तुम्हीच मारलीय, साहेब.”

“मग काय करायचं?”

“मग जुने आकडे मागे घ्या. लेखी, कारणासकट. आता कारण काय लिहाल, मोजणाऱ्याला दिसत नव्हतं?” तो मोकळेपणाने हसला. “असं लिहिलंत तर तुमच्या प्रयोगशाळेलाही एक प्रत पाठवावी लागेल हो आम्हाला. गंमत करतोय.”

ती गंमत नव्हती, हे अधिकाऱ्याला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेत तो रोज काचेची मापे डोळ्यांसमोर धरून त्यांवरच्या कोरीव रेषा तपासत असे. पारदर्शक काचेवर कोरलेल्या पारदर्शक रेषा. सात वर्षांत त्याच्या सहीने बाहेर पडलेली मापे औषधांच्या कारखान्यांत होती, इस्पितळांत होती. आकडे मागे घेण्याच्या त्या कागदावर सही करणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या सगळ्या सह्या पुसणे. न करणे म्हणजे गुरुवारी तो प्रवाळ गळांच्या स्वाधीन करणे. मधला मार्ग त्याने दोन दिवस शोधला, आणि शोधता शोधता त्याला एक सापडलाही : भाचीने मोजावे, निरीक्षक म्हणून सही मात्र नेहमीप्रमाणे त्याने करावी. तुलना ग्राह्य राहिली असती. निरीक्षक बदलण्याचा बेत रद्द झाला, एवढे खात्याला कळवले की कुणाला काही कळले नसते. तो मार्ग इतका सोयीचा होता की त्याची त्याला शिसारी आली, तरी त्याने तो टाकून दिला नाही, खिशात ठेवला.

बुधवारी संध्याकाळी तो हवेच्या टाक्या भरतात त्या खोलीत गेला. यंत्र धडधडत होते, रबराचा आणि तेलाचा वास कोंडला होता, आणि भाची खाली बसून टाक्यांच्या तोंडाशी असलेल्या रबरी कड्या एकेक काढून उजेडात धरून पाहत होती.

“डॉक्टर काय म्हणाल्या, मामा?”

“मामीनं सांगितलं?”

“मामीनं जगाला सांगितलंय. कबुतरांच्या गोष्टीसकट.”

तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. “तुला दिसायचे?”

काय, हे तिने विचारले नाही. “हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. आधी तुम्हालाही बहुतेक दिसायचे. मग काही काही. मग…” तिने कडी जागेवर बसवली. “मग आपण नुसतं पोहून यायचो.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“बोलले होते. पाचव्या वर्षी.”

त्याला आठवले, म्हणजे ते विसरले गेलेच नव्हते. फक्त वेगळ्या कप्प्यात, विनोदांच्या कप्प्यात ठेवले होते. पाण्याखाली तिने त्याच्या खांद्याला हात लावून एका फांदीकडे तर्जनी वाकडी केली होती आणि पाटीवर रेघ ओढली होती. त्याने तिच्या हातातून पाटी घेऊन ती रेघ अंगठ्याने पुसली होती. मग वर आल्यावर, टॉवेल गुंडाळून सगळे चहा पीत असताना, त्याने समजावून सांगितले होते की लिहिणारा बघू लागला तर ती दोन डोळ्यांची नव्हे, चार डोळ्यांची मोजणी होते आणि मागची सगळी वर्षे कचऱ्यात जातात. “पाटीनं बघायचं नसतं,” तो म्हणाला होता, “पाटीनं लिहायचं असतं.” सगळे हसले होते. त्या दिवसापासून तिचे नाव गटात ‘पाटी’ पडले. आणि तो म्हणाला होता त्यात शास्त्राच्या दृष्टीने एक अक्षर चुकीचे नव्हते. आजही नव्हते.

“मला वाटलं, तुमचं काही गणित असेल,” भाची म्हणाली. “अमक्या लांबीच्या आतला धरायचा नाही, असं काही. तुम्ही चुकाल असं कुणाच्या डोक्यात येणार? मोजणी झाली की मी परत जाऊन कापायचे जमेल तेवढे. मग आठव्या वर्षी तुम्ही काढणारा गटच तिकडून हलवलात, गरज उरली नाही म्हणून.”

यंत्राचा ठोका बदलला. तिने उठून एक चावी फिरवली. त्याने तिच्या पाठीकडे पाहत, आयुष्यात प्रथमच, दुसऱ्याने नियम मोडला असावा अशी आशा धरली.

“वेगळी नोंद ठेवली असशील ना कुठे? घरी, वहीत? अंदाजे आकडे असले तरी चालतील.”

“नाही.”

“एखाद्या वर्षाची तरी?”

“मामा, नाही ठेवली,” ती वळून म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरे वाटले असते. “तुम्हीच सांगितलं होतं ना.”

शनिवारी सकाळी बोट प्रवाळावर थांबली तेव्हा नावाड्याने पाटी कुणाच्या हातात आहे ते पाहिले. “आज उलटी गंगा? मोजपट्टीची पाटी झाली?”

“बढती मिळाली,” तो म्हणाला, आणि पाठीमागे कलून पाण्यात पडला.

बारा मीटरांवर पाणी निवळ होते. त्याला ते नेहमीच निवळ वाटत आले होते. पाटीच्या माथ्यावर, ‘निरीक्षक’ या शब्दापुढे, त्याचे नाव अकरा वर्षांपूर्वी न पुसणाऱ्या शाईने लिहिलेले होते आणि ते अजून ठसठशीत होते, पांढऱ्यावर काळे. खिशातला तो सोयीचा मार्ग अजून खिशातच होता. आकडा लहान यावा, असे तो मनात म्हणत होता. दहा-बारा निघाले तर ही नेहमीची चूकभूल आहे असे म्हणता येईल. सही करावी लागणार नाही, कुठलीच. भाचीने फीत अंथरली, त्याच्याकडे पाहिले, आणि पहिल्याच मीटरवर तर्जनी वाकडी केली. त्याने पाहिले. प्रवाळ होता, प्रवाळावर पाणी होते. त्याने रेघ ओढली. अर्ध्या मीटरवर पुन्हा. पुन्हा. चार रेघा, पाचवी आडवी. ती घाई करत नव्हती. प्रत्येक ठिकाणी थांबत होती, बोट वाकडे करत होती, त्याची पेन्सिल हलेपर्यंत वाट पाहत होती. अठ्ठाविसाव्या रेघेला त्याच्या मनात आले की ती कशावरही बोट ठेवील आणि आपल्याला लिहावे लागेल. एकतिसाव्या रेघेला त्याला कळले की ती अकरा वर्षे नेमकी याच जागी पोहत होती, फक्त उलट बाजूने. तरी सवय गेली नाही. चौतिसाव्या ठिकाणी त्याने डोळे मिटून हात पुढे केला आणि जिथे काहीही नव्हते तिथे त्याच्या बोटांना तो लागला, ताठ, गार, बाल्कनीतल्यासारखा. त्यानंतर त्याने तपासले नाही.

फितीच्या मध्यावर शिंगांच्या आकाराच्या फांद्यांचा एक दाट पट्टा होता. गट त्याला ‘मळा’ म्हणे. मळा मेला होता. हे त्याला दिसत होते, मेलेल्याचा राखी-हिरवा रंग स्पष्ट होता. चार वर्षांपूर्वी त्याने त्याची नोंदही केली होती : ‘पाण्याच्या वाढत्या तापमानामुळे.’ भाची तिथे थांबली आणि तिने दोन्ही हातांच्या तर्जन्या वाकड्या केल्या, मग पुन्हा, मग पुन्हा, फांदीमागून फांदी. त्याने एका फांदीच्या बुंध्याशी बोट नेले. लाट येई तशी एक अदृश्य गोष्ट पुढे-मागे सरत होती आणि बुंध्यात करवतीसारखी खोल खाच पडली होती. बोटाचे पेर तिच्यात मावले. तापमान! त्याने काढता येईल तितक्या सरळ रेघा काढल्या. मळ्यात अठ्ठेचाळीस झाल्या. पाटीची एक बाजू भरली, त्याने ती उलटली.

शेवटच्या दहा मीटरांत त्याला दम लागू लागला. पाय जड झाले होते, प्रवाह अंगावर येतो आहे असे वाटत होते, आणि तो हवेच्या काट्याकडे पाहून, वयाला दोष देऊन, जोर लावून पोहत होता. फीत संपली तेव्हा पाटीवर एकशे सतरा रेघा होत्या. तो थांबला. पुढे जायचे कारण नव्हते; आणि मागे वळायला गेला तर वळता येईना.

भाचीने त्याच्याकडे पाहिले. ती हळूच त्याच्या खांद्यावरून मागे गेली, टाकीच्या तोंडाशी काहीतरी न्याहाळले, आणि पुन्हा त्याच्या समोर आली. तिने मांडीवरच्या म्यानातून चाकू काढला होता. दुसऱ्या हाताने तिने तर्जनी वाकडी केली, आणि ती प्रवाळाकडे नव्हे, त्याच्याकडे रोखली. त्याने हात मागे नेऊन चाचपले. टाकीच्या चावीला, नळीला, पट्ट्याला तो गुंडाळला गेला होता, कितीतरी वेढे, आणि तिथून मागे मळ्याच्या दिशेने ताणत गेला होता. प्रवाह नव्हताच. तो वीस मीटर सगळा मळा ओढत आला होता.

काट्यावर हवा थोडी उरली होती. भाची चाकू उघडा धरून, त्याच्या मास्कमधून त्याच्या डोळ्यांत पाहत, जागच्या जागी तरंगत होती. ती कापत नव्हती. आधी नोंद, मग हात.

त्याने पाटी छातीशी धरली आणि एकशे अठरावी रेघ ओढली. तिने चाकू पुढे केला. त्याने पंजा वर करून तिला थांबवले. पाटीच्या माथ्यावरची शाई पुसली जाणार नव्हती, म्हणून त्याने पेन्सिलीने आपल्या नावावर आडवी काट मारली, जोर देऊन, दोनदा, आणि शेजारच्या बोटभर जागेत, जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात, तिचे नाव लिहिले. मग पाटी उलटी करून, तिला वाचता येईल अशी, तिच्यासमोर धरली.

तिने वाचले. मग ती त्याच्या मागे गेली आणि त्याच्या मानेपाशी, जिथे त्याला काहीही दिसणार नव्हते, तिने कापायला सुरुवात केली.